मोरवेलीखालचं पाणी

साखराबाईच्या हाताला कायम दुधाचा वास यायचा, आणि तिच्या घरात चहापुरतंही दूध नसायचं. आमच्या दूध सोसायटीत ती कॅन धुवायची. मी तिथला सेक्रेटरी. गाव मला भाऊसाहेब म्हणायचं, कारण अख्ख्या गावात इस्त्रीचा शर्ट घालणारा मी एकटाच होतो. शहाणपणाचा त्यात काही संबंध नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

आमचं गाव पालीच्या पुढे. बिंदुसरेच्या धरणाला वळसा घालून चढ चढलं की डाव्या हाताला. धरणाचं पाणी आम्हाला दिसायचं, मिळायचं नाही. दिवाळीच्या आधी निम्मं गाव कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागायचं आणि मागे म्हातारी, लेकरं आणि जनावरं उरायची. सोसायटी निघाल्यापासून थोडी घरं दुधावर तग धरून राहिली होती, म्हणून गावाला तिचं फार कौतुक.

साखराबाईने चौदा हंगाम ऊस तोडला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हा तिकडचा हिशोब. तिचा नवरा आश्रुबा एका पहाटे फडात पाचटावर झोपलेला असताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला आणि ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला कुठलाही मुकादम खुशीने नेत नाही. तिची दोन लेकरं त्याच फडांवर, पालांच्या आडोशाला जन्मली आणि तिथंच गेली. तिसरी शिवकन्या तेवढी जगली. ती पाचवीत होती, अकरा वर्षांची, आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. साखराबाई एकदा कॅन घासता घासता मला म्हणाली होती, "भाऊसाहेब, माजं काय बी होऊ द्या. हिच्या हातात कोयता न्हाई जाऊ द्यायचा."

आता कोयता न जाऊ देण्याचा उपाय एकच होता. साखराबाईने बारा महिने गावात राहायचं. आणि सोसायटीतलं तिचं काम हंगामी होतं. चेअरमनच्या मनात आलं तर उद्या बंद.

चेअरमन म्हणजे अर्जुनराव. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला फार मोकळा. गेवराईकडे कुठल्याशा सोसायटीच्या दारावर त्यांनी फुलांनी लगडलेली कमान पाहिली आणि घरी येईपर्यंत ती डोक्यात घेतली. "आपल्या दारात बी फुलं पायजेत. उद्या जिल्ह्याचे सायब लोक आले तर काय शेणाच्या पाट्या दाखवायच्या का?" साखराबाई म्हणाली, डोंगरात मोरवेल आहे, शेळी तिला तोंड लावत नाही, पांढरी फुलं येतात. दुसऱ्या दिवशी ती कपिलधारच्या बाजूच्या घळीतून मुळ्यांसकट दोन वेली घेऊन आली. पाल्याचा रस लागून मनगटावर फोड आले होते. त्यावर तूप लावायला सांगितलं तर हसली.

वेली लावताना अर्जुनराव खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी चहा पीत होतो. ते सहज म्हणाले, "साखरे, ही वेल फुलली ना, की तुला कायम केलं समज."

सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि आळ्यातली माती दोन्ही हातांनी दाबत राहिली. बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते आठवत नाही, ऐकणाऱ्याला झोप लागत नाही, तशातली गत.

पहिलं वर्ष वेली नुसत्या रुसून बसल्या. साखराबाई कॅन विसळलेलं पाणी घालायची. त्या दुधट पाण्याने मुंग्या झाल्या, बुडाला बुरशी आली आणि एक वेल गेली. दुसरी पिवळी पडली. मग तिचं तिलाच कळलं की हिला दूध चालत नाही, स्वच्छ पाणी पाहिजे. डोंगरात वेल कशी उगवते ते ती पुन्हा जाऊन पाहून आली. बुड दगडाच्या सावलीत, गार, आणि शेंडा उन्हात. तिने बुडापाशी एक शहाबादी फरशी टाकली, कॅन ठेवायला म्हणून. होळीच्या सुमाराला सगळी जुनी काडी वितीवर छाटून टाकली. अर्जुनराव ओरडले, "मारलीस का गं वेल?" ती म्हणाली, "फुल नव्या काडीला येतं, मालक." दुसऱ्या वर्षी वेल तारेवर चढली, मांडव हिरवा झाला, फूल मात्र एक नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊसच आला नाही. शहाऐंशीचं साल. मृगात चार थेंब, मग नुसता वारा. श्रावणात टँकर सुरू झाला. घरटी दोन घागरी. पंचायतीने दवंडी दिली की झाडाझुडपाला पाणी घालताना कोणी दिसलं तर त्या घराची टँकरची पाळी बंद. बोरी वाळल्या, लिंबाचीसुद्धा पानं गळाली. भादव्यात ओढ्याकाठचं म्हातारं उंबर मुळापासून कलंडलं आणि त्याच्याखाली नुसती धूळ निघाली. लोक हळू बोलायला लागले होते. कुत्री रात्रीसुद्धा भुंकेनात.

आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मी सोसायटीचं कुलूप काढायला गेलो तर मोरवेल फुलली होती.

एकदोन फुलं नव्हेत. सगळा मांडव पांढरा. चार चार पाकळ्यांची बारीक फुलं, घोसच्या घोस, आणि त्याचा मंद गोडसर वास त्या वाळलेल्या वाऱ्यात भरलेला. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. घरात कुणी गेलेलं असताना शेजारी कोणी नवीन लुगडं नेसून दारात यावं, तसं ते दिसत होतं. साखराबाई मात्र खाली उभी होती आणि तिचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता.

"भाऊसाहेब, फुलली! मालकाला सांगा. त्येंचा शबूद व्हता."

मी सांगितलं. अर्जुनराव आठवत बसले. म्हणाले, "हां हां, बघू. आधी विहिरीचं उरकू दे."

कारण त्याच आठवड्यात गावाला एक सरकारी विहीर मंजूर झाली होती. एकच. जागा गावाने ठरवायची. म्हातारी माणसं म्हणत होती, ओढ्याच्या खालच्या अंगाला पळसाचा खळगा आहे, तिथं घ्या. पण ती जागा अडचणीची, बैलगाडी जाईना. अर्जुनरावांनी मांजरसुंब्याकडून उत्तरेश्वर पानाड्याला बोलावलं. जमिनीखालचं पाणी सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, अशी त्याची ख्याती. उंच, काळा, एका डोळ्यात फूल पडलेलं. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून तो गावभर फिरला, पळसाच्या खळग्यात तो थांबला नाही. सोसायटीच्या दारात आला, मोरवेलीकडे चांगल्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिला, आणि वेलीखाली जाताच त्याच्या हातावरचा नारळ ताडकन उभा राहिला.

"उंबर वाळलं, लिंब वाळला," तो म्हणाला, "अन् ही मोरवेल कावून फुलली? मानूस खोटं बोलंल, झाड न्हाई बोलत. हितं खाली पाण्याची शीर हाय. जित्ती."

बायांनी तिथल्या तिथं वेलीच्या बुडाला हळदकुंकू वाहिलं. जागा सोसायटीची, म्हणून सोसायटीच्या सभासदांची सभा दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली.

सभेच्या आदल्या दुपारी साखराबाई ऑफिसात आली. कोणी नव्हतं. तिने दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊसाहेब, तितं पानी न्हाई. ते पानी माजं हाय."

मला कळेना. ती मला बाहेर घेऊन गेली, इकडे तिकडे पाहिलं आणि ती शहाबादी फरशी बाजूला सरकवली. खाली गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं होतं. बुडाला भोक, भोकात लुगड्याच्या चिंधीची वात. मडक्यात वीतभर पाणी. फरशी काढली की ओल्या मातीचा असा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"रोज पहाटं कॅन धुयाच्या आदी एक घागर. श्रावनापासून."

"कुठनं आणलंस?"

"माज्याच पाळीचं. दोनातली एक हिला. एका घागरीत आमी दोघी मायलेकी भागवतो. आंगूळ सोडली. कुनाचं थेंबभर घेतलं न्हाई म्या, भाऊसाहेब. आईची आन."

तिचे ओठ फुटलेले होते, इतके दिवस मला ते दिसले होते आणि मी ते उन्हाने फुटले असं समजलो होतो. आता मला खरंच राग आला, पण कुणाचा ते समजेना.

"आता?" मी म्हणालो.

"आता सभंत सांगा ना तुमी. म्या बोलले तर पाळी जाईल, काम जाईल. तुमचं ऐकत्यात. खळग्यात घ्या म्हनावं हीर. माजी फुलं ऱ्हाऊ द्या तेवढी."

मी मडक्याकडे पाहत होतो आणि मनात भलताच विचार चालला होता. विहीर सोसायटीच्या जागेत झाली तर पाणी सोसायटीचं. जनावरं राहतील, दूध राहील, माझी नोकरी राहील. खळग्यात झाली तर पाणी दहा भावकीच्या भांडणात जाणार. आणि नारळ तर उभा राहिला होता ना? वर तिचं पाणी असेल, म्हणून खाली शीर नसेलच असं कुठं आहे? लबाड माणसाला देवावरही विश्वास ठेवता येतो, सोयीपुरता.

"मी बोलतो उद्या," मी तिला म्हणालो. "तू गप्प राहा. आणि हे मडकं आजच्या आज काढून टाक. कुणाला दिसायला नको."

तिने मला हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून आठवतात, मनगटावर फोडांचे पांढरे डाग असलेले.

सभेत अर्जुनरावांनी विचारलं, "सोसायटीच्या दारात हीर घ्यायची. कुनाचं काय म्हननं?" साखराबाई सभासद नव्हती, तिला हात वर करता येत नव्हता. ती कॅनच्या रांगेमागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सगळे हात वर गेले. मी माझाही हात वर केला.

तिला वाटलं असेल, भाऊसाहेबांच्या मनात काहीतरी युक्ती आहे. मग बोलतील.

दसऱ्याला टिकाव मारायचा ठरला. मुकादमांचे ट्रक आले होते, पण या वर्षी गावाने ते परत पाठवले. विहिरीवर काम आहे, पुढे पाणी आहे, मग कशाला मरायला जायचं? मुकादम जाताना म्हणाला, "मागनं बोलावलं तर मी यायचा न्हाई." लोक त्याला हसले.

अर्जुनरावांनी नारळ फोडला आणि पहिला टिकाव मारला. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला माती काळी आणि ओली निघाली. ढेकूळ हातात दाबलं तर बोटांचे ठसे उठत होते. मग एकदम हलगी वाजायला लागली. गुलाल उडाला. बाया ती ओली माती उचलून कपाळाला लावायला लागल्या, एका म्हाताऱ्याने ती चाखून पाहिली आणि रडू लागला. उत्तरेश्वर मिशीवरून हात फिरवत उभा होता.

तेव्हा साखराबाई पुढं धावली. तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता, केस सुटले होते, सर्वांग थरथरत होतं. खड्ड्याच्या काठावर उभी राहून ती ओरडली, "आरं नगा खंदू! म्या घातलंय पानी! रोज घातलंय!"

शब्द कुणी ऐकलेच नाहीत. दसऱ्याचा दिवस, हलगी चाललेली, बाईचे केस सुटलेले आणि अंग कापतंय. कोणीतरी आरोळी ठोकली, "आई आली! आई आली हिच्या आंगात!" बायांनी तिला धरलं, मळवट भरला, ओटीत तांदूळ घातले. ती मान हलवून नाही नाही म्हणत होती आणि जितकी मान हलत होती तितकी हलगी जोरात वाजत होती. माणसं एकामागून एक तिच्या पाया पडत होती. कुंकू डोळ्यांत गेलेलं, त्यातून तिने मला शोधून काढलं. मडकं तिने काढून टाकलं होतं, ते पाहिलेला मी एकटाच होतो. मी बोललो असतो तर तिथं सगळं थांबलं असतं.

मी पुढं झालो आणि तिला हात जोडले. सगळ्यांनी जोडले होते, म्हणून.

चार फुटांवर ओल संपली. मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. सुरुंग लागायला लागले. प्रत्येक सुरुंगाला मांडव हादरायचा आणि मोरवेलीची फुलं खड्ड्यात गळून पडायची. वीस फूट, चाळीस फूट. "आईनं सांगितलंय" म्हणून लोक खणत राहिले. साखराबाईला त्यांनी काम करू दिलं नाही, रोज सकाळी काठावर पाटावर बसवायचे. ती बसायची, खाली बघत. कायम करण्याचा विषय कुणी काढला नाही, देवीला कोण नोकरी देणार? तिने दोनदा मला विचारलं, "भाऊसाहेब, कवा?" मी म्हणालो, "अजून दहा फूट बघू."

पौषात साठ फूट झाले. तळाला धूर आणि फत्तर, बस. उत्तरेश्वर एके दिवशी न सांगता निघून गेला. कडबा संपला तशी जनावरं बाजारात गेली, दूध आटलं, आणि सोसायटीला कुलूप लागलं. हंगाम निम्मा सरला होता, मुकादमाने खरंच पाठ फिरवली होती. आता गावाला कोणीतरी पाहिजे होतं. पानाड्या हाती लागत नव्हता, अर्जुनरावांना बोलायची कुणाची छाती नव्हती. मग लोक म्हणू लागले, हिच्या अंगात आई नव्हती, भलतंच काहीतरी होतं. तिच्या दारासमोरून जाताना बाया पदर आवळून घ्यायच्या. टँकरच्या रांगेत तिची घागर सरकत सरकत शेवटाला जायची, आणि शेवटच्या घागरीला पाणी उरत नसे.

माघात एक परगावचा मुकादम तिला न्यायला तयार झाला. अर्धा कोयता त्यालाही नको होता. त्याने शिवकन्येकडे बघितलं, हाताचे दंड चाचपले आणि म्हणाला, "ही मोळ्या बांधंल. दोघी मिळून एक कोयता धरतो."

जायच्या दिवशी साखराबाई माझ्या घरी सोसायटीच्या कॅन धुवायच्या शेडची किल्ली द्यायला आली. शिवकन्या मागे उभी होती, दप्तराच्या पिशवीत भाकरी बांधलेल्या. साखराबाईने शिव्याशाप दिले असते तर मला बरं वाटलं असतं. तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "वेल फुलली व्हती, भाऊसाहेब." आणि गेली.

ती पुन्हा गावात आली नाही. तिकडेच कुठं तिसऱ्या हंगामात गेली, असं कानावर आलं. पुढे पाऊस झाला. पळसाच्या खळग्यात नंतर विहीर घेतली, तीस फुटांवर पाणी लागलं. मोरवेल सोसायटीच्या पडक्या भिंतीवरून कोरड्या विहिरीत उतरली आहे. तिला आता कोणी पाणी घालत नाही. तरी दर वर्षी नवरात्राच्या पुढंमागं ती फुलते, आणि मी त्या वाटेने जात नाही.

गेल्या वर्षी मांजरसुंब्याला गाडीची वाट पाहत होतो. उसाला निघालेला एक ट्रक ढाब्यापाशी थांबला. मागून एक बाई उतरली, चाळिशी उलटलेली, केस पांढरे, कमरेला कोयता. तिने मला ओळखलं. मला ओळखायला वेळ लागला. शिवकन्या होती.

"भाऊसाहेब ना तुमी? ती वेल हाय का अजून?"

"आहे," मी म्हणालो. आणि मग काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं सगळं तोंडातून पडलं. मडकं, चिंधीची वात, मी दिलेला शब्द, जोडलेले हात. ट्रकचा हॉर्न वाजत होता तरी मी बोलत होतो. म्हातारपणी माणसाला आपलं मन हलकं करायची घाई होते, समोरच्याला ते उचलायला लावून.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "आईनं सांगितलं व्हतं. फडात पडून व्हती, शेवटचं दुखनं. तवा बी म्हनायची, भाऊसाहेबानं शबूद दिलाय, ते बोलतील, मंग गाव आपल्याला बोलवंल. गावाकडची ट्रक दिसली की मला बघाया धाडायची, कुनी निरोप आनलाय का म्हनून."

हॉर्न पुन्हा वाजला. तिने कोयता सावरला आणि ट्रकवर चढली.